टोपवाल्या पिसवा

मे १९९७ मध्ये मी पिलाजीराव इंगळे यांच्या हातात एक पत्र ठेवलं. लॅबमध्ये पाळलेल्या पिसवांच्या डोक्यांवर टोकं कशी आली, आणि त्याला तुमचा निष्काळजीपणा कारणीभूत का मानू नये, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा, असा त्याचा मतलब होता. आमच्या कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मी आयुष्य काढलं. उशिरा येणं, ड्रमांजवळ विडी ओढणं, सुपरवायझरला शिवी देणं, अशा कारणांची पत्रं मी किती दिली याचा हिशेब नाही. पिसवांचं पत्र ते एकच.

पत्र इंग्रजीत होतं. पिलाजीरावांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मला परत दिलं.

"वाचा, आनंदराव. मराठीत."

मी वाचलं. ते टेबलाला न टेकता सरळ उभे राहून ऐकत होते.

"म्हणजे काढणार?"

"आधी खुलासा मागितलाय फक्त."

"पॅकिंगच्या तुकोजीरावांनाही मागितला होता मागच्या वर्षी. ते कुठे असतात आता?"

तुकोजीराव आता मांडवीला चुलतभावाच्या भांड्यांच्या दुकानात बसत. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. पिलाजीरावांनी पत्राची घडी केली, खिशात ठेवली आणि ते लॅबकडे गेले.

त्या दिवसांत अशा पत्राची भीती वाटणं साहजिक होतं. आमचा कारखाना गुजरातेत, नंदेसरीला. कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं आम्ही बनवायचो. बाहेरच्या देशांतला माल बाजारात यायला लागला होता, वरचे लोक माणसं कमी करायच्या मागे होते, आणि एखाद्याने आपणहून कारण दिलं तर त्यांना ते हवंच होतं. पिलाजीरावांना तेव्हा निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

ते १९७१ साली पहारेकरी म्हणून लागले. अंगाने उंच, मिशा भरघोस, आणि गणवेश असा घालत की फाटकातून आत येणारा ट्रकवाला आपोआप गाडी हळू करी. आजोबा संस्थानच्या घोडदळात शिलेदार होते. वडील पहाऱ्यावर होते. १९९३ साली फाटकाचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं गेलं आणि पिलाजीरावांचा गणवेश उतरला. मग त्यांना बॉयलरवर टाकलं, तिथून पॅकिंगला, तिथून कँटीनला. प्रत्येक बदलीबरोबर त्यांचा स्वभाव थोडा जास्त कडक झाला. कँटीनमध्ये कुणी "पिलाजीराव, चहा" म्हटलं तर ते अशा नजरेने बघत की मागणारा उठून स्वतःच कप घेई. शेवटी त्यांना लॅबमध्ये अटेंडंट केलं. तिथे बोलायला माणसं कमी, म्हणून.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, एवढे त्रास देतायत तर राजीनामा देऊन मोकळे का होत नाही? ते म्हणाले, "आमच्या घरातला माणूस नोकरीवरून उतरला तो वयाने, नाहीतर चौघांच्या खांद्यावरून. काढलेला कुणी नाही आणि पळालेला कुणी नाही."

हे वाक्य मला पत्र देताना आठवत होतं.

आता पिसवांचं सांगतो. १९९६ साली आमचा माल घेणाऱ्या एका युरोपी खरेदीदाराने अट घातली की कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी पाण्यातल्या जिवांना मारत नाही, हे दाखवा. त्यासाठी एक चाचणी असते. डाफ्निया नावाचा जीव आहे, तळ्यात असतो, मोहरीच्या दाण्याएवढा, उड्या मारत पोहतो म्हणून त्याला पाणपिसू म्हणतात. नुकत्याच जन्मलेल्या वीस-पंचवीस पिसवा त्या पाण्यात सोडायच्या आणि दोन दिवसांनी किती हलतात ते मोजायचं. आमचे लॅबचे प्रमुख अनीश दिघे. वय अठ्ठावीस, राहायला माझ्याच बाजूला, गोत्रीच्या एका सोसायटीत. त्यांनी तळ्यातून जाळीने पिसवा पकडून आणल्या, काचेच्या सहा टाक्यांत सोडल्या, टाक्यांना नंबर दिले आणि सांभाळायला पिलाजीरावांकडे दिल्या.

कारखाना हसला. ज्या माणसाने वीस वर्षं फाटक राखलं तो आता पिसवा राखणार! पिलाजीरावांनी मात्र ते काम मनावर घेतलं. रोज सकाळी यीस्टचं पातळ पाणी थेंबाथेंबाने घालायचं, तळाचा गाळ नळीने ओढायचा, पिल्लं वेगळी काढायची. किती पिल्लं झाली ते ते पाटीवर खडूने लिहीत, टाकीवार. दोन महिन्यांत त्यांचा आवाज खाली आला. कँटीनवाला त्यांना पाहिलं की विचारी, "काय मग, आज किती बाळंतपणं?"

"चाळीस."

"आणि बाळ-बाळंतिणी?"

"सुखरूप आहेत. तू आपली भजी बघ, ती दगावलीत."

टाक्यांच्या वर भिंतीवर अनीशने एक सूचना चिकटवली होती. तीन दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणीच टाकीत घालावं, दुसरं कुठलंही नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो उडून जायला तेवढा वेळ लागतो. सूचनेखाली पिलाजीरावांची मराठी सही होती.

एप्रिलअखेर अनीशने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तो खुर्चीतून उठलाच. पिसवांची डोकी नेहमी गोल असतात. दोन आणि पाच नंबरच्या टाक्यांतल्या पिल्लांच्या डोक्यांवर लांब टोकदार सुळके होते, मागे शेपटीचा काटाही दुपटीने लांब. बाकी चार टाक्या ठीक होत्या. त्याने बीकर बदलले, नळ्या बदलल्या, पाण्याच्या बाटल्या अहमदाबादला तपासायला पाठवल्या. काही सापडेना. बारा जूनला खरेदीदाराचा माणूस येणार होता. व्यंग असलेल्या पिसवांवर चाचणी केली असं त्याने लिहिलं तर सगळंच मुसळ केरात. अनीशने वर कळवलं की लॅबमध्ये कुठलं तरी रसायन सांडलं असावं किंवा भांडी नीट धुतली गेली नसावीत. भांडी धुणारे एकच होते. म्हणून ते पत्र.

अनीशने त्यांना विचारलं होतं, "काका, काही वेगळं घातलंत का?"

पिलाजीराव म्हणाले, "विष नाही घातलं."

हे खरं होतं, पण पुरं नव्हतं.

पत्र दिलं तो मंगळवार होता. त्या संध्याकाळी त्यांनी अनीशकडे एक मागणी केली. तीन नंबरच्या टाकीतल्या साध्या डोक्याच्या शंभरेक पिसवा मला घरी न्यायला द्या. अनीशला वाटलं, म्हाताऱ्याला लळा लागलाय. त्याने दिल्या.

रविवारी दुपारी मला त्यांचा निरोप आला, खुलासा लिहायला या म्हणून. माझं अक्षर बरं आहे आणि अर्ज कसा लिहायचा ते मला ठाऊक, त्यामुळे असे निरोप मला नेहमीच येत. मी घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या एका गल्लीत, त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, वर एक माळा, आणि खाली चार बिऱ्हाडांत मिळून एक टांका, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा जुना जमिनीखालचा हौद.

दारातच त्यांच्या पत्नी विजयमाला वहिनी भेटल्या. खोलीभर कैऱ्यांच्या फोडी पसरल्या होत्या, मीठ-हळद लावून.

"या भावजी. तुम्हीच सांगा यांना. कैऱ्या कापून झाल्या, मसाला कुटून झाला, आणि माझ्या दोन्ही मोठ्या बरण्यांत यांनी किडे भरलेत."

"किडे नाहीत, पिसवा आहेत," आतून आवाज आला.

"मग तर छानच! लोणच्याला खार सुटेल."

खिडकीत लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. खाली एका बादलीत दहा-बारा गप्पी मासे. हे मासे डासांच्या अळ्या खातात म्हणून नगरपालिकेची माणसं टांक्यात सोडून जात. पिलाजीरावांनी पंचांग वाचायचं भिंग माझ्या हातात दिलं.

"ही उजवीकडची बघा."

मी पाहिलं. बारीक, काचेसारखे पारदर्शक जीव, गोल डोक्याचे, एकेक उडी घेत वरखाली होत होते.

"आता डावीकडची."

डावीकडच्या बरणीतल्या मोठ्या पिसवा तशाच होत्या. पण लहान पिल्लं निराळी. प्रत्येकीच्या डोक्यावर भाल्याच्या फाळासारखं टोक. जणू कुणी अंगाच्या मापाने टोप करून बसवला होता.

"शिलेदार," पिलाजीराव म्हणाले. "आजोबांच्या टोपाला वर असंच टोक होतं. पितळी."

"हे झालं कसं?"

ते जमिनीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. लॅबच्या कोपऱ्यात गप्पी माशांची एक टाकी होती, दुसऱ्या एका चाचणीसाठी. एप्रिलच्या उन्हात खिडकीजवळच्या दोन आणि पाच नंबरच्या पिसवा मरगळल्या. त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं की टांक्यात मासा असला की पाणी जिवंत राहतं. त्यांचे वडील टांका साफ केला की आधी त्यात दोन मासे सोडत, आणि ते दुसऱ्या दिवशी फिरताना दिसले की मगच घरातल्या बायकांना घागर बुडवू देत. माशाचं पाणी ते चांगलं पाणी. म्हणून मरगळलेल्या पिसवांना टॉनिक म्हणून ते रोज माशांच्या टाकीतलं एक मग पाणी पंच्याच्या फडक्यातून गाळून घालू लागले. त्या दोन टाक्यांतच.

"साहेबांनी टोकं दाखवली तेव्हाच माझ्या मनात आलं," ते म्हणाले. "ज्या दोन टाक्यांत मी मग ओतला त्याच दोन. पण बोललो नाही. भ्यालो. मग विचार केला, विष असतं तर मेल्या असत्या. या तर नाचतायत. म्हणून इथे करून पाहिलं. दोन्ही बरण्या एकाच खिडकीत, पाणी तेच, खाणं तेच. डावीकडे रोज एक पेला माशांच्या बादलीतला, गाळून. मासा आत सोडला नाही. चौथ्या दिवशी जन्मलेली पिल्लं टोप घालूनच आली."

वहिनींनी चहा आणला. मी कागद-पेन काढलं.

"लिहा," पिलाजीराव म्हणाले. "दोन आणि पाच नंबरच्या टाकीत मी माशांचं पाणी घातलं. रोज एक मग. एप्रिलच्या सुरुवातीपासून."

मी पेन खाली ठेवलं.

"असं नाही लिहायचं."

"का?"

"भिंतीवर सूचना आहे. खाली तुमची सही आहे. सूचना मोडली असं स्वतःच लिहून दिलंत की पुढे कुणाला काही सिद्ध करायला नको. ते पत्र परत माझ्याच टेबलावर येईल, आणि मलाच दुसरं टाइप करावं लागेल."

"मग काय लिहू?"

"उन्हाळा कडक होता. नेमकं कारण समजत नाही. यापुढे काळजी घेईन."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. "तसंच लिहा हो भावजी. त्यात खोटं काय आहे? उन्हाळा आहेच की."

पिलाजीरावांनी चहा बशीत ओतला आणि प्यायला नाही.

"कारण कळत नाही म्हटलं की साहेब काय करतील? सहाच्या सहा टाक्या गटारात ओततील. आणि माझ्या कागदावर कायमचं राहील, की इंगळ्यांच्या हातून काहीतरी विषारी सांडलं. काढलं नाही तरी राहील." ते माझ्याकडे वळले. "मी पाणी घातलं. विष नाही घातलं. एवढं स्वच्छ लिहा. मग काढायचं तर काढू देत."

"आणि मग घराण्याचं काय? काढलेला कुणी नाही म्हणता ना?" वहिनी म्हणाल्या.

"विषाचा डाग घेऊन राहिलेलाही कुणी नाही."

मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तसं. खाली त्यांनी सही केली. अक्षरं एकेक सुटी, पहाऱ्याच्या वहीत करत तशी.

सोमवारी सकाळच्या कंपनी बसमध्ये पिलाजीराव दोन्ही बरण्या मांडीवर घेऊन बसले होते. तोंडाला फडकी बांधलेली. मधल्या थांब्यावर एक गुजराती फिटर चढला.

"काका, शुं लई चाल्या? अथाणुं?"

"हा. लोणचंच आहे. पण अजून उड्या मारतंय."

बस हसली. छाणीच्या पुढे खड्डा आला की ते दोन्ही बरण्या छातीशी धरत. अर्ध्या रस्त्यात त्यांचा शर्ट भिजला होता.

लॅबमध्ये मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. खुलासा आधी अनीशने वाचावा असं मला वाटत होतं. त्याने वाचला आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"तीन आठवडे, काका? तीन आठवडे मी बाटल्या बदलतोय, अहमदाबादला नमुने पाठवतोय, आणि तुम्ही शेजारी उभे राहून बघताय? मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं!"

"हो साहेब."

"मग?"

"चुकलं. तेही लिहिलंय त्यात, खालच्या ओळीत."

अनीशने कागद टेबलावर टाकला. मग नाइलाजाने त्याने दोन्ही बरण्यांतून थेंब घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिले. परत पाहिले.

"उन्हानेही कधीकधी असं होतं म्हणतात," तो म्हणाला, पण आवाज आता चढा नव्हता.

"एकाच खिडकीत होत्या, साहेब. ऊन दोघींना सारखं."

"म्हणजे माशांच्या पाण्याने व्यंग येतं. पण व्यंग ते व्यंगच ना? पाण्यात काहीतरी दोष असणार."

पिलाजीराव म्हणाले, "व्यंग आहे का काय आहे, ते माशालाच विचारा की."

अनीशने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो उठला. त्याने दोन बीकर घेतले. एकात दहा साध्या पिसवा मोजून सोडल्या, दुसऱ्यात दहा टोपवाल्या. माशांच्या टाकीतले दोन लहान गप्पी जाळीने उचलले आणि प्रत्येक बीकरात एकेक सोडला. आम्ही तिघेही टेबलावर वाकलो.

साध्या पिसवांच्या बीकरात मासा दोन मिनिटं बावरला, आणि मग लागला टिपायला. एक उडी, एक घास. बघता बघता पाच गेल्या.

दुसऱ्या बीकरातला मासाही तसाच एका पिसवेवर झेपावला. तोंडात घेतली. आणि थुंकली. पिसू दोन कोलांट्या खाऊन परत पोहायला लागली. मासा मागे सरला, पुन्हा आला, पुन्हा घेतली, पुन्हा थुंकली. तिसऱ्या वेळी त्याने नुसतंच जवळ जाऊन पाहिलं.

पिलाजीराव एवढे जोरात हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अर्ध्या तासाने अनीशने मोजलं. साध्यांपैकी एक उरली होती, टोपवाल्यांपैकी आठ. मग त्याने खुलासा उचलला, सरळ केला आणि खाली आपल्या हाताने इंग्रजीत चार ओळी लिहून वर पाठवला. शिवाय आपल्या जुन्या प्राध्यापिकेला फोन केला.

मृदुला मॅडम गुरुवारी आल्या. साठीच्या घरातल्या, साधी सुती साडी, पर्समध्ये स्वतःचं भिंग. त्यांनी बरण्या पाहिल्या, पाटीवरचे खडूचे आकडे पाहिले आणि आधी विचारलं, "हे कुणी केलं?"

अनीशने बोट दाखवलं.

"नवीन काही नाही यात," त्या पिलाजीरावांना म्हणाल्या. "पुस्तकांतून आहे हे. पण पुस्तक न वाचता दोन बरण्या शेजारी ठेवायचं सुचलं, ते महत्त्वाचं." मग त्यांनी समजावून सांगितलं. माशाच्या अंगातून पाण्यात काही द्रव्यं उतरतात. पिसवेला डोळ्याने मासा दिसायची गरज नसते, ते पाणी लागलं की तिला कळतं, भक्षक जवळ आहे. मग पोटातली पिल्लंच टोप आणि लांब काटा घेऊन जन्मतात. लहान माशाच्या तोंडात ती मावत नाहीत, टोचतात. तळ्यातल्या बेडकांची पिल्लं, गोगलगायी, असे कितीतरी जीव शिकाऱ्याची चाहूल लागली की अंग बदलतात. कुणाची शेपूट रुंद होते, कुणाचं कवच जाड.

"मग कायमच टोप घालून का जन्मत नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी पाटीकडे हात केला. दोन आणि पाच नंबरच्या टाक्यांत पिल्लं इतरांपेक्षा कमी झाली होती. पिलाजीरावांनीच ते लिहून ठेवलं होतं.

"टोप फुकट मिळत नाही. तो करण्यात जीव खर्ची पडतो, म्हणून पिल्लं कमी. मासा गेला की पुढची पिढी परत साध्या डोक्याची येते."

"बरोबर आहे," पिलाजीराव म्हणाले. "आजोबाही काही टोप घालून जेवायला बसत नसत."

माशांचं पाणी थांबवलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन आणि पाच नंबरच्या टाक्यांतली पिल्लं गोल डोक्याने जन्मली. अनीशला हायसं वाटलं. पिलाजीराव रोज भिंग लावून बघत आणि एकही टोप दिसला नाही की थोडे हिरमुसत. बारा तारखेला खरेदीदाराचा माणूस आला, चाचणी पाहून गेला.

पिलाजीरावांचा निकाल मात्र त्याआधीच लागला होता. व्यवस्थापकांनी मला बोलावलं. खुलासा आणि अनीशची टीप त्यांच्यापुढे होती.

"सूचना मोडली की नाही?"

"मोडली, साहेब."

"कबूल केलं?"

"स्वतःहून."

त्यांनी कागद दोनदा उलटला. "दिघे म्हणतात, या माणसाशिवाय त्या टाक्या चालणार नाहीत. लेखी ताकीद द्या. बस."

मी ताकीद टाइप केली आणि लॅबमध्ये घेऊन गेलो. पिलाजीराव नळीने गाळ काढत होते. हात पुसून ते सरळ उभे राहिले, पहिल्या पत्राच्या वेळी राहिले होते तसेच.

"वाचा. मराठीत."

मी वाचलं. नोकरी राहिली हे त्यांना कळलं की नाही, मला समजेना.

"काढलं नाही ना?"

"नाही."

"विषाचं काही लिहिलंय?"

"नाही. सूचनेविरुद्ध पाणी घातलं, एवढंच."

"मग परत एकदा वाचा," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

पिलाजीराव जुलै २००० मध्ये निवृत्त झाले. मधल्या तीन वर्षांत आमच्याकडून एकसष्ट माणसं गेली, त्यांत चांगलीही होती. पिसवांच्या टाक्या सहाच्या नऊ झाल्या. भिंतीवरच्या सूचनेत अनीशने एक ओळ वाढवली, माशांच्या टाकीतलं पाणी वापरू नये, आणि ती इंग्रजीच्या जोडीला गुजरातीत आणि मराठीतही लिहिली. दोन बरण्या मात्र लॅबमध्येच राहिल्या होत्या. कारखाना बघायला कुणी आलं की अनीश एका बरणीत माशांचं पाणी घालायला लावी आणि आठवड्याने पाहुण्यांना टोप दाखवी. सांगायचं काम पिलाजीरावांचं. ते आजोबांपासून सुरुवात करत.

शेवटच्या दिवशी त्यांची सेवापुस्तिका बंद करायला ते माझ्यासमोर बसले. ताकिदीचा कागद आत होता. तीन वर्षांत दुसरी तक्रार नसेल तर ताकीद काढून टाकता येते, असा आमच्याकडे नियम होता. मी म्हटलं, काढू का?

"नको. खरं लिहिलंय. राहू द्या." मग त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "इथे काय लिहिलंत?"

"वयोमानानुसार सेवानिवृत्त."

त्यांनी पुस्तिका स्वतःकडे वळवून घेतली. ती ओळ मी मराठीतच लिहिली होती, एरवी आम्ही इंग्रजीत लिहितो. त्यांनी ती अक्षर अक्षर जुळवत वाचली, आणि पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली.

संध्याकाळच्या बसने मी मुद्दाम त्यांच्याबरोबर घडियाळी पोळापर्यंत गेलो. गळ्यात हार, एका हातात नारळ, मांडीवर दोन रिकाम्या बरण्या, अनीशने स्वतः धुऊन पुसून दिलेल्या. घरात शिरताच त्यांनी बरण्या वहिनींच्या पुढे ठेवल्या.

"घे. तीन वर्षं ऐकवलंस. आता घाल लोणचं."

वहिनींनी बरण्या उचलल्या, उजेडात धरून बघितल्या आणि खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या, पूर्वी होत्या त्याच जागी.

"यांत लोणचं घालीन असं वाटलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी तळ्यावरून पिसवा आणा, टांक्यातून दोन मासे काढा. नाहीतर दिवसभर घरात बसून माझ्याशी भांडाल."